रुंद बुडाच्या काठ्या

शिरूर
धुळवडीचा दुसरा दिवस, २००४

भिमा,

धाकटा भाऊ असलास तरी आशीर्वाद लिहीत न्हाई. शेवटाला वाटलं तर बघू.

हे पत्र दौंडात जालिंदरच्या हॉटेलावर पाठवतीय, कारण मेंढरांमागं तुझं बिऱ्हाड आज ह्या रानात तर उद्या त्या रानात. जालिंदर वाचून दाखवंल. जालिंदर, लिहिलंय तसं वाच. मधी तुझं शहाणपण घालू नको, आन् मी भिमाला बोलले हाय तिथं आवाज बारीक करू नको. फोन करता आला असता, पण फोनवर हा 'हां, हां' करतो आन् ठिवून देतो. पत्रात त्याला मधी बोलता येत न्हाई.

तर भिमा, तुझ्या शिकवणीनं माझ्या नातवाची नोकरी जायची वेळ आलीय.

सुरवातीपासनं सांगती. शंभू रांजणगावच्या कंपनीत ग्राइंडरवर हाय. लोखंडाच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या. पाबळला शिकला ते हेच. हात चांगला हाय म्हणतात, पण अजून कंत्राटी. मार्च सरला की कंत्राट सरलं. त्याच्या आधी वरच्या इंद्रजीत साहेबांनी सही केली तर पोरगा कायम, न केली तर घरी. सही होणार असं सगळी म्हणत होती. मी पेढं सांगायचं तेवढं राहिलं होतं.

ह्या साहेबांचं घोडनदीच्या कडंला फार्महाऊस हाय. माळावर माती टाकून, पाणी पाजून हिरवळ केलीय आन् रविवारी तिथं गोल्फ खेळतात. गोल्फ म्हंजी काय इचारशील. वाकड्या काठीनं बारका चेंडू हाणायचा, मंग त्याच्यामागं चालत जायचं, पुन्हा हाणायचा. शेवटाला भोकात घालायचा. भोकात गेला की वाकून बाहेर काढायचा. झालं. मेंढरामागं चाललं तर निदान लोकर तरी मिळती.

शंभू रविवारी तिथं काठ्यांची पिशवी उचलायला जातो. साहेबाच्या नजरंसमोर राहिलेलं बरं म्हणून मीच पाठवत होते. तो येऊन सांगतो ते ऐकून मला बी आता बरंच कळतं. काठीच्या टोकाला लोखंडाचा फाळ असतो. त्या फाळाचं बूड जमिनीला टेकतं. कुणाच्या फाळाचं बूड रुंद असतं, कुणाचं पातळ. आन् भिमा, एवढ्यावरनं ह्या शिकल्यासवरल्या माणसांत भांडणं. शिरूरचा एक डॉक्टर येतो, तो म्हणतो खरा खेळणारा पातळ बूडच धरतो, रुंद बूड शिकाऊ माणसाचं. इंद्रजीत साहेब म्हणतात रुंद बूड मातीत रुतत न्हाई, वरच्यावर सरकतं, फटका चुकला तरी सांभाळून घेतं. ह्यावर दोघं चहा गार होईपतुर बोलतात. बायकांना नावं ठिवतात, आम्ही तवा आन् उलथनं ह्यावर एवढं कधी बोललो न्हाई.

होळीच्या आधी साहेबांनी सगळी पिशवी कंपनीत पाठवली. "बुडावर मुरमाचे ओरखडे पडलेत, तेवढे काढून ठेव," असा निरोप. शंभूनं ओरखडे काढले. आन् तिथं थांबला न्हाई. रुंद बुडाची मागची कड ग्राइंडरला लावली आन् सगळ्या लोखंडी काठ्या पातळ करून टाकल्या. एकसारख्या. चकचकीत. साहेबांनी हौसंनं परदेशातनं आणलेल्या.

धुळवडीला साहेबांनी पयला फटका मारला, तर काठी बटाटं काढावं तशी मातीत घुसली. दुसरा मारला, तसंच. मंग त्यांनी काठी उलटी करून बूड बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "शंभू, पुढच्या रविवारपासून येऊ नकोस." सहीचं काय, ते बोलले न्हाईत.

मी शंभूला इचारलं, "कशाला छाटलंस रं?"

"आजी, वाढली होती गं. मागनं पसरली होती."

"काय वाढली होती?"

"बुडं. भिमाआजा म्हणतो ना, खूर पसरलं की जनावर लंगडतं."

आता बोल. सात वर्साच्या पोराच्या हातात तू चाकू दिलास आन् मेंढीचा पाय धरून खुरं छाटायला शिकवलीस. आता त्याला जे दिसंल ते वाढलेलं दिसतं. अरे, मेंढीचं खूर ज्यादा छाटलं तर म्हैन्यात भरून येतं. लोखंड कुठनं भरून येणार?

त्याचे आईबाप गेल्यावर तू त्याला संभाळलंस हे मी नाकारत न्हाई. पण मी त्याला तुझ्या मेंढरांतनं उठवून शाळंत घातला, तवा तू म्हणालास, "गिताबाई, माझ्या दाराला पुन्हा पाय लावू नको." तुला दार हाय का रं? तीन दगडं आन् एक घोंगडी. तरी मी शब्द पाळला.

काल रातच्याला जेवताना शंभू म्हणाला, "सही न्हाई झाली तर मी भिमाआज्याकडं जाईन." ऐकून तुला गुदगुल्या झाल्या असतील. होऊ देत. पण त्याला बोलवायचं न्हाई, एवढं ध्यानात ठिव.

गिताबाई


शिरूर
पंधरा मार्च

भिमा,

तुझं पत्र पोचलं. त्याला पत्र म्हणायचं तर. जालिंदरच्या अक्षरात दोन वळी: "साहेब कोण? राहतो कुठं?" पोराला धीर द्यायचं सोडून चौकशा. जालिंदर, तू तरी एक वळ पदरची घालायची. नको तिथं घालतोस.

तुला साहेबाचा ठावठिकाणा कशाला पायजे, ते मला कळतं. तिथं जाऊन पागोटं काढून म्हणणार, "पोरगं तुमच्या कामाचं न्हाई, माझं मला परत द्या." म्हणून मी सांगणारच न्हाई. नदीच्या पुलाच्या अलीकडं डाव्या हाताला मोठं लोखंडी गेट, गेटावर सिमेंटचे दोन सिंह, एकाचं शेपूट तुटलेलं. त्या अंगाला तू फिरकायचं न्हाई.

इकडचं सांगती. शंभूला मी माफी मागायला धाडला. साहेब फोनवर होते. तो उभा राहिला, साहेबांचा फोन संपला, दुसरा आला. तो परत आला. मी म्हटलं वेल्डिंगनं भरून दे. म्हणाला, "आजी, वजन बदलतं. काठी हातात डुगडुगती." मला ज्यातलं कळत न्हाई त्यात मी एकदाच बोलती.

पिशवीतल्या दोन काठ्या तेवढ्या वाचल्या. त्यांना हायब्रीड म्हणतात. मी म्हटलं, ज्वारीवाणी? तर म्हणाला, तसंच. आपल्याकडं दख्खनी मेंढीला दुसऱ्या जातीचा मेंढा लावला तर जसं पिल्लू व्हईल तसं. लांब हाणायला लाकडी काठ्या असायच्या म्हणं, त्या घराण्याचं डोकं, लोखंडी घराण्याची चाल. त्यांचं बूड भाकरीवाणी गोल आन् रुंद, उंच गवतात अडकलेला चेंडू बी उचलून काढतं. ती का न्हाई छाटली, असं इचारलं, तर म्हणतो, "ती आतनं पोकळ वाजली. पोकळ खुराला हात लावू नये, भिमाआजा म्हणतो." बघ. तुझ्या शिकवणीनं चांगलं झालं ते एवढंच.

कंपनीचा ड्रायव्हर सांगतो, आता साहेब सगळं त्या दोन काठ्यांवर भागवतात. जवळचा फटका असला की लांब जातो, आन् डॉक्टर हसतो. डॉक्टर तोंडावर म्हणाला म्हणं, "बरं झालं, पातळ झाल्या. आता खेळायला शिकाल." त्यानं साहेब आणखी पेटले. दुसऱ्याच्या घरी आग लागली की काही माणसं बिडी पेटवून घेतात, तसला हा डॉक्टर.

शंभू जेवत न्हाई. म्हंजी जेवतो, पण दुसऱ्यांदा मागत न्हाई. दावणीचं जुनं दावं ट्रंकेतनं काढून बसला होता. मी बघितलं न्हाई असं दाखवलं.

आशीर्वाद ह्या खेपंला बी न्हाई.

गिताबाई


शिरूर
पाडव्याचा आदला दिवस

भिमा,

हौशा कुठं हाय?

खोटं बोलू नको. जालिंदर, तू बी त्याला सांभाळून घेऊ नको. कंपनीचा ड्रायव्हर शंभूला म्हणाला, साहेबांच्या गेटाला कुणीतरी मेंढा बांधून गेलंय. काळा, वाकड्या शिंगाचा, डाव्या कानाला दोन काप. डाव्या कानाला दोन काप आपल्या बाच्या कळपाची खूण. वॉचमन म्हणतो, एक म्हातारा आला, घोंगडीवाला, सिंहाच्या पायाला दावं बांधलं, गेटाला हात जोडले आन् मागं न बघता गेला. वॉचमन हाका मारत होता तरी.

मला सांगायला नको. मी लहान होते तवा कासुर्डीला आपली मेंढरं पाटलाच्या हरभऱ्यात घुसली, आन् बानं सकाळी उठून चांगली गाभण मेंढी पाटलाच्या गोठ्याला बांधली. बोलायचं न्हाई, इचारायचं न्हाई, मागं बघायचं न्हाई. आन् दिलेलं जनावर पुन्हा आपल्या कळपात घ्यायचं न्हाई. पाटलानं पुढच्या साली स्वतः निरोप धाडला, मेंढरं माझ्याच रानात खताला बसवा म्हणून. सगळं आठवतं. पण बा पाटलाकडं गेला होता, भिमा. तू गोल्फवाल्याकडं गेलास. त्याला काय कळणार, मेंढा का आला? त्याला वाटलं असंल, चुकून आला.

आन् द्यायचाच तर लंगडी मेंढी द्यायची. हौशा कशाला? आखाडात तुझ्या मेंढ्यांना काय तू स्वतः शिंगं लावून फिरणार? सगळा कळप त्या एका जनावरावर. डोकं पागोट्यात गुंडाळून ठिवलंयस का?

मागं मी लिहिलं होतं की पोरगं तुझ्याकडं यावं म्हणून तू टपून बसलास. ते लिहिलेलं राहू दे. माझ्याकडं खोडरबर न्हाई.

साहेबांनी उद्या मला बोलावलंय. आजीला घेऊन ये, मेंढा कुणाला जवळ येऊ देत न्हाई, असा निरोप हाय. बोलण्यात राग होता का, इचारलं, तर शंभू म्हणाला, "ड्रायव्हरनं सांगितलं गं, त्याच्या बोलण्यात कायमच राग असतो."

जाऊन येती. काय व्हईल ते व्हईल.

गिताबाई


शिरूर
पाडवा झाल्यावरचा मंगळवार

भिमा,

पोरगा वाचला. हे आधी सांगती, म्हंजी पुढचं नीट ऐकशील. जालिंदर, त्याला चहा दे आन् तू बी बस. मोठं पत्र हाय.

सकाळी गुढी उभी केली, कडुलिंब चावला आन् शंभूसंगं निघाले. वाटंनं बोलायचं पाठ करत होते. "साहेब, पोराला बाप न्हाई, मेंढरांत वाढलाय. लोखंडाची आन् जनावराची जात त्याला एकच वाटली. एक डाव पदरात घ्या." लई चांगलं जमलं होतं. एकदा तर माझ्याच डोळ्याला पाणी आलं. कडुलिंबानं.

गेटावर बघते तर वॉचमन खुर्चीवर बसलेला न्हाई, उभा. खुर्चीवर. हौशा खाली. बाईसाहेबांची जास्वंद बुडापतुर खाल्लेली. मी लांबनंच आपली हाळी दिली तसा हौशा गप झाला आन् वॉचमन खाली उतरला. उतरल्यावर मला म्हणतो, "मला काय भ्या नव्हतं." मी म्हटलं, व्हय, खुर्चीला होतं.

हिरवळीवर तिघं होती. इंद्रजीत साहेब, डॉक्टर, आन् कंपनीचे सगळ्यात मोठे साहेब, कोरियाचे, पार्क साहेब. ते तिथं पयल्यांदाच आले होते. मला बघितल्यावर इंद्रजीत साहेबांच्या तोंडावर असं काही आलं की आता नेमकं ह्यांच्यासमोर ही म्हातारी. आन् पार्क साहेबांनी इचारलंच, इथं मेंढा का?

इंद्रजीत साहेब इंग्रजीत सांगायला लागले. मला त्यातलं 'शंभू' तेवढं कळायचं. पण माणूस चिडून सांगतो का हसून, ते कळायला इंग्रजी लागत न्हाई. सुरवातीला चिडून सांगत होते. मधी कुठंतरी त्यांना बी हसायला आलं. त्यांना रीत ठाऊक होती, भिमा. मागनं कळलं, त्यांचा आजा हवेली तालुक्याकडचा शेतकरी, मेंढरं बसवायचा रानात. घरात ऐकलेलं होतं त्यांनी. तू वाटंल त्याच्या दारात बांधलं न्हाईस एवढं खरं, पण ते तुला ठाऊक नव्हतं, तवा फुगू नको.

पार्क साहेबांनी हौशाकडं बघितलं, शंभूकडं बघितलं, आन् हसत हसत गवतावर बसले. मंग उठून म्हणाले, ज्याच्यापायी मेंढा आला ती काठी दाखवा.

इंद्रजीत साहेबांनी पिशवी आणली. फेकायची म्हणून गाडीतच पडून होती.

आता नीट ऐक, कारण सगळं इथं हाय. पार्क साहेबांच्या स्वतःच्या काठ्या रुंद बुडाच्या होत्या. दुकानदारानं गळ्यात मारलेल्या, वय झालं, रुंद घ्या, सोपं जातं म्हणून. पण त्यांचा हात बघशील तर गवत कापणाऱ्या बाईचा. विळा जसा जमिनीला घासून जातो तसा आडवा येतो. वर हिरवळ, खाली मुरूम. त्यांची रुंद काठी मुरमावर आपटून उडायची आन् चेंडूच्या टाळक्यावर बसायची. चेंडू उंदरावाणी सरपटत जायचा. मी आले तवापासनं तसंच चाललं होतं आन् सगळी 'छान, छान' म्हणत होती. मोठ्या साहेबाचा चेंडू सरपटला तरी छानच असतो.

त्यांनी शंभूनं छाटलेली काठी घेतली आन् हाणली. भिमा, चेंडू असा गेला की हौशानं बी मान वर केली. पुन्हा हाणली, पुन्हा तसंच. काठीचं बूड उलटं करून अंगठा फिरवला. शंभूकडं बघून म्हणाले, "किसने काटा?"

शंभू माझ्यामागं. एवढा उंच पोरगा, माझ्यामागं कुठं मावतोय. म्हणाला, "मैंने, सर."

"क्यों काटा?"

"बढ गया था, सर."

इंद्रजीत साहेबांनी कपाळाला हात लावला. पार्क साहेब पुन्हा हसले. मंग त्यांनी स्वतःची पिशवी पायानं इंद्रजीत साहेबांकडं सरकवली आन् ही पिशवी खांद्याला लावली. "चेंज?" बाजारात मेंढ्या बदलतात तसं. बोललं एक, झालं काम.

इंद्रजीत साहेबांचा हात कुदळीचा. वरनं खाली घालतात. त्यांनी पार्क साहेबांची रुंद काठी घेतली. पयल्या फटक्याला माती उडाली न्हाई, काठी सरकली आन् चेंडू उठला. साहेबांचं तोंड बघायला पायजे होतं. सासूरवाशिणीला माहेरचं माणूस दिसल्यावाणी. हायब्रीड तेवढ्या द्यायला तयार झाले न्हाईत. पार्क साहेब मागत होते, तर पिशवीवर हात ठिवून म्हणाले, "नो, सर." साहेबाला 'नो' म्हणताना मी त्यांना पयल्यांदा बघितलं, आन् शंभू म्हणतो त्यानं बी.

डॉक्टर म्हणाला, "बघा, मोठ्या साहेबांनी पातळच घेतली. मी म्हणत नव्हतो?" त्याची स्वतःची पातळ काठी त्याच्या हातात बसत न्हाई. अंगात जोर न्हाई आन् लंगोट पैलवानाचा. त्याचा चेंडू अजून जास्वंदीच्या खुंटात हाय.

मला वाटत होतं, ह्या भांडणात एक खरा आन् एक खोटा असंल. तसं न्हाई. ज्याचा हात जसा पडतो, त्याला तसं बूड लागतं. ते न कळता चहा गार करत बसले होते इतके दिवस.

आन् शंभूला अक्कल होती म्हणून हे झालं असं समजू नको. त्यानं चूकच केली. पार्क साहेबाचा हात कुदळीचा असता तर आज पोरगं तुझ्याकडं असतं. पण हौशा तिथं उभा नसता तर पार्क साहेबांनी इचारलं बी नसतं, काठी बघितली बी नसती. एवढं तुझ्या खात्यावर टाकते.

निघताना इंद्रजीत साहेब शंभूला म्हणाले, "पुढच्या वेळी कापायच्या आधी विचारशील?"

"व्हय, साहेब."

"काय विचारशील?"

"वाढलंय, का असंच हाय, ते."

मला वाटलं, आता आपली वेळ. मी पदर नीट केला आन् पुढं झाले. "साहेब, पोराला बाप न्हाई—"

"आजी," ते म्हणाले, "आधी मेंढा न्या. सोमवारी सही करतो."

सगळं पाठ केलेलं वाया गेलं. अजून पोटात हाय. कुणाला ऐकवू? तुला तर अर्धं वर लिहिलंच.

हौशाचं मी सांगितलं, "साहेब, न्यायला न्हाई येत. भरपाईचं जनावर हाय, रीत न्हाई." तर म्हणाले, "मग माझा झाला ना? माझा मेंढा मी तुम्हाला दिला. आता तुमचा. आता न्या." तवा मी दाव्याला हात घातला.

काल सही झाली. शंभूनं रातच्याला दोनदा भात मागितला. मी एकदाच वाढला, न्हाईतर सवय लागती.

गिताबाई


शिरूर
एप्रिलची पयली

भिमा,

शंभूच्या हातात आज कागद पडला. कायम. त्यावर त्याचं नाव आन् खाली साहेबाचा शिक्का. मी तो गुढीच्या ठिकाणी लावून ठिवणार होते, पण हौशा कागद खातो.

हा तुझा मेंढा. म्हंजी माझा. माझ्या खोलीसमोर लाईटच्या खांबाला बांधलाय. आजूबाजूच्या बायका पयल्या दिवशी कौतुक करत होत्या, दुसऱ्या दिवशी नाक दाबत होत्या, आता घरमालकाला घेऊन आल्या. घरमालक म्हणाला, "गिताबाई, हे काय बरोबर न्हाई." मी म्हटलं, व्हय, तुमच्या नळाला पाणी येत न्हाई ते बी बरोबर न्हाई. तो गेला. पण पुन्हा येईल.

तुझा निरोप मिळाला. "मेंढा परत घेत न्हाई." जालिंदरनं खाली स्वतःची वळ घातलीय, "मावशी, हौशा गेल्यापासनं मामा रोज हितं येऊन बसतोय, पत्र आलं का इचारतोय." जालिंदर, जनमात एक कामाची वळ लिहिलीस.

तू घेत न्हाईस ते बरोबर हाय. बानं घेतली नसती, तू बी घेऊ नको. पण मी तुला परत देतच न्हाई. जनावर माझं हाय, मला साहेबानं दिलंय. मला ठिवायला जागा न्हाई, म्हणून मी ते तुझ्या कळपात अर्धलीनं सोडतीय. मेंढा माझा, मेंढ्या तुझ्या. जी कोकरं व्हतील त्यात माझा वाटा. सगळ्यांना ठाऊक असलेली रीत हाय, त्यात तुझ्या मानाचं कुठं काय जात न्हाई. जालिंदरला साक्षीदार धर. त्याला तेवढंच काम.

रविवारी शंभू हौशाला टेम्पोत घालून दौंडला आणील. व्हय, मीच त्याला पाठवतीय. पयल्या पत्रात मी काय लिहिलं होतं ते काढून दाखवू नको. तो आला की त्याला कळपातनं फिरव, तुझ्या हातची जळकी भाकरी खाऊ घाल, आन् एखाद्या मेंढीचं खूर वाढलं असंल तर त्याच्याच हातानं छाटून घे. हात वळवळतोय त्याचा. पार्क साहेबांनी आणखी एक काठी दिलीय थोडी पातळ करायला, तर हा तीनदा जाऊन इचारून आला, "किती, सर? इतकं का इतकं?" साहेब वैतागले म्हणं. वैतागू देत. संध्याकाळच्या गाडीला त्याला बसवून दे. सोमवारी त्याची पयली पाळी हाय.

आखाडात हौशा आपलं काम करंल. म्हंजी दिवाळीच्या सुमाराला मेंढ्या व्येतील. तू मोजणीत लबाड, हे मला लहानपणापासनं ठाऊक. बाच्या बोरांत सुद्धा तू चार ज्यादा घ्यायचास. तवा माझा वाटा बघायला मी स्वतः येणार हाय. तुझं बिऱ्हाड ज्या रानात असंल त्या रानात. भाऊबीज त्याच दिवसांत येती, पण मी त्याच्यासाठी येत न्हाई. कोकरं बघायला येतीय. ओवाळायचं ताट आणीन, कारण रिकाम्या हातानं जायची मला सवय न्हाई.

तुझ्या दाराला पाय लावायचा न्हाई असं ठरलं होतं. तुला दार न्हाई, म्हंजी अडचण न्हाई.

हौशाला ताक दाखवत जाऊ नको, पोट बिघडतं. आन् नीट संभाळ. दुसऱ्याचं जनावर हाय.

आशीर्वाद. मागच्या चार पत्रांतले राहिलेले ह्यातच धरून घे.

गिताबाई